हेटी क्लेग उठली नाही

"आज तू तोंड उघडलंस ना हेटी, तर तुझ्या विधेयकाचा खून तुझ्याच हातून होईल," आयव्हर प्यू म्हणाला. "हे मी चहाआधी सांगतोय, चहानंतर सांगेन आणि दारात पुन्हा सांगेन."

"म्हणजे चहा तू पाजतोयस," हेटी म्हणाली.

प्यू हसला नाही. तो वेल्सचा, खाणीतून वर आलेला माणूस, मजूर पक्षाचा प्रतोद. शुक्रवारी दुपारी आपल्या पक्षाचे खासदार सभागृहात टिकवून धरणं हे त्याचं काम, आणि ते तराजूत बेडूक तोलण्यासारखं होतं. एकाला बसवावं तर दुसरा आपल्या गावची गाडी पकडायला पसार.

हेटी क्लेगला ऑडलशॉ गावाने लढाई संपली त्या उन्हाळ्यात लंडनच्या संसदेत निवडून पाठवलं होतं. ऑडलशॉ म्हणजे कापडगिरण्यांचं, काजळीचं आणि तोंडाळ बायकांचं गाव. तिथल्या साप्ताहिकात दर शनिवारी एक ठरलेला मथळा असे: 'हेटी क्लेग उठली.' पोरांच्या संत्र्याच्या रसावर हेटी क्लेग उठली. ओल्या कोळशावर उठली. मंत्र्यांनी बायकांच्या मोज्यांवर विनोद केला तेव्हा तर अशी उठली की मंत्र्यांना पाणी मागवावं लागलं. समोरच्या बाकांवरचे म्हणत, या बाईचं उचलली जीभ लावली टाळ्याला. गाव ते वाचून खूश होई. बोलणाऱ्याची माती खपते हे गिरणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि आज तिचं स्वतःचं विधेयक होतं. सरकारचं नव्हे, तिचं. साध्या खासदाराला अशी संधी चिठ्ठीत नाव निघालं तर मिळते, नाहीतर जन्मात नाही.

विधेयक होतं धुण्याच्या घरांबद्दल. ऑडलशॉसारख्या गावांत घरोघरी न्हाणीघर नाही, तर धुणं कुठे करणार? बाया गाठोडी बांधून नगरपालिकेच्या धुण्याच्या घरात नेतात. तिथे ओले कपडे पिळायला लोखंडी पिंप असतं, विजेवर गरगर फिरणारं. गिरणीतल्या यंत्राला कायद्याने झाकण लागतं, कारण तिथे कामगार असतात. धुण्याच्या घरातली बाई कामगार नव्हे, ती नुसती कुणाची तरी आई, म्हणून तिच्या यंत्राला कायदा नाही. हेटीचं म्हणणं एवढंच होतं: झाकण लागल्याशिवाय पिंप फिरू नये आणि पिंप थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

अल्मा ऑग्डनचा उजवा हात अशाच पिंपात गेला होता, कोपराच्या वरपासून.

ती आज सकाळच्या गाडीने आली होती. तपकिरी कोटाची उजवी बाही पिनेने वर टाचलेली, तोंडात नवेकोरे दात, मांडीवर पिशवी. हेटी आणि ती गिरणीच्या एकाच साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात, दहा वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर उभ्या राहिलेल्या. संसदेच्या मधल्या दालनातल्या बाकावर बसून ती म्हणाली होती, "मला काही नको गं हेटी. गेला तो हात काही उगवायचा नाही. पण त्या सभागृहात एकदा कुणीतरी मोठ्याने म्हणू दे, की अल्मा ऑग्डन बडबडत नव्हती."

कारण नगरपालिकेच्या चौकशीत तेच लिहिलं होतं. साचेखात्याच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतल्या बाया ओठ मोठे मोठे हलवून मुक्यानेच बोलतात. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी असं बोलता बोलता तिसरीचं लग्न जुळवून मोकळी होते. ही सवय बाहेरही सुटत नाही. ट्राममध्ये, चर्चमध्ये, धुण्याच्या घरात, सगळीकडे ओठ चालूच. चौकशीवाल्या तीन सद्‌गृहस्थांनी तेवढंच धरलं. अल्मा समोरच्या बाईशी ओठांनी गप्पा मारत होती, न बघता हात घातला, चूक तिची.

खरं असं होतं की झाकणाची कडी महिनोन्‌महिने तुटलेली होती आणि सुतळीने बांधलेली होती. सुतळी सुटली, झाकण उडालं, ते धरायला अल्माने हात पुढे केला. आणि बडबडीचं म्हणाल तर आठवड्यापूर्वीच तिचे सगळे दात उपटले होते. सरकारने नवे दात फुकट द्यायला सुरुवात केली तशी अर्ध्या गावाने दंतवैद्याच्या दारात रांग लावली होती. हिरड्या भरेपर्यंत बोळक्या तोंडानेच दिवस काढायचे. अल्मा मोठी ठसकेबाज. नाकाखाली रुमाल बांधल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नव्हती. त्या आठवड्यात तिचे ओठ तिच्या नवऱ्यानेही पाहिले नव्हते, मग समोरची बाई कुठून बघणार?

पण हे तिने चौकशीत सांगितलंच नाही. तीन पुरुषांसमोर बोळक्या तोंडाची गोष्ट काढायची तिला लाज वाटली.

"आता सांग," ती आज हेटीला म्हणाली. "ती लाज गेली हाताबरोबर."

"कुणी तुझं नाव काढू दे तर खरं," हेटीने तिचा डावा हात दाबून म्हटलं. "जागच्या जागी उत्तर देते की नाही बघ. शब्द दिला."

आणि मग प्यूने तिला चहाला नेऊन दुसरा शब्द घेतला. त्याचं गणित सरळ होतं. शुक्रवारी चार वाजले की कामकाज थांबतं. त्या क्षणी कुणी बोलत असेल, तर विधेयक तिथेच मेलं. मतं मिळतात की नाही हा प्रश्नच नाही. शंभर खासदार असते तर 'चर्चा पुरे' म्हणून ठराव रेटता आला असता, पण शुक्रवारी दुपारी शंभर खासदार आणणार कुठून?

"समोरच्या बाकांवरचा सर ऑब्री लँगफर्ड चार वाजेपर्यंत बोलणार," प्यू म्हणाला. "पण तेच तेच बोलायला सभापती देत नाहीत. त्याचं संपत आलं की तो तुला डिवचेल. तू उठलीस की त्याला तुझ्या एका वाक्यावर दहा मिनिटं मिळतील. म्हणून तू भाषण आटोपतं घे, कुणाचंही नाव घेऊ नकोस, आणि मग मूग गिळून बस. शब्द दे."

हेटीने दिला. दोन शब्द दोन माणसांना दिले तेव्हा तिला वाटलं, ते एकमेकांच्या वाटेत येतीलच कशाला?

आपलं सभागृह बॉम्बने जळाल्यापासून खासदार लॉर्ड मंडळींच्या वरच्या सभागृहातल्या लाल बाकांवर बसत होते. हेटी उठली तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. ती थोडकं बोलली. पिंप, झाकण, कायद्यातली फट. अल्माचं नाव घेतलं नाही. बसताना तिने वर प्रेक्षकांच्या सज्जात पाहिलं. अल्मा कठड्याशी पहिल्या रांगेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ती अजून वाट बघत होती.

सर ऑब्री उठले. उंच, देखणा, गोड आवाजाचा माणूस. मनाने दुष्ट नव्हता. सरकारने प्रत्येक झाकणात नाक खुपसू नये असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. ते इंग्रज गृहिणीच्या शहाणपणाबद्दल बोलले. नगरपालिकांच्या अधिकारांबद्दल बोलले. मग पुन्हा गृहिणीच्या शहाणपणाबद्दल बोलले.

"सन्माननीय सदस्यांचा हा मुद्दा मांडून झाला आहे," सभापती म्हणाले.

सर ऑब्री झुकले आणि आपल्या आजीच्या धोबिणीकडे वळले. ती आजारी कशी पडे, बरी कशी होई. मजूर बाकांवर कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. हेटीच्या मागेच बसलेला प्यू पुटपुटला, "हलू नकोस."

"हलतेय कोण?"

"तुझा पाय."

तिचा पाय खरंच जमिनीवर थडथडत होता. तिने एका पायावर दुसरा दाबून धरला.

सर ऑब्रींनी एका शिपायाला खुणेने बोलावलं आणि चिठ्ठ्या चाळल्यासारखं करत त्याच्या कानात काही सांगितलं. पलीकडच्या बाकापर्यंत अक्षरही ऐकू आलं नाही. पण दहा वर्षं साच्यांच्या गदारोळात बोलणं वाचणाऱ्या बाईला ऐकू येण्याची गरज काय? 'मेजर ड्रेक कुठे आहे?' ते विचारत होते. 'माझ्यानंतर तो बोलणार होता. जेवणघरात बघ. लवकर.'

म्हणजे यांचं संपलं होतं. मेजर सापडला नाही आणि सभापतींनी यांना बसवलं, तर विधेयक आज पार होणार होतं. घड्याळात चारला तेरा-चौदा मिनिटं कमी होती.

"मी दुसऱ्यांदा सांगतो," सभापती म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "धोबिणीचा विषयाशी संबंध नाही. पुनरुक्ती चालूच राहिली तर मला सदस्यांना खाली बसायला सांगावं लागेल."

सर ऑब्रींनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग त्यांनी हेटीकडे पाहिलं, आणि हसले.

"ऑडलशॉच्या सन्माननीय सदस्या आज फारच शांत आहेत. या सभागृहात असा प्रसंग विरळा. त्यांना आपल्याच विधेयकाबद्दल खात्री नसावी."

समोर हशा पिकला. हेटीच्या ओठांवर उत्तर तयार होतं, एक नाही, तीन होती. मागून प्यूने तिच्या जाकिटाची कड मुठीत पकडली. ती दात आवळून राहिली.

सर ऑब्रींनी बाकावरून एक कागद उचलला. "की त्यांच्या शांततेचं कारण हे आहे? त्यांच्याच गावच्या चौकशीचा हा अहवाल. त्यात एका बाईचं नाव आहे. श्रीमती अल्मा ऑग्डन. दुर्दैवी बाई, मला तिच्याबद्दल सहानुभूती आहे. पण अहवाल काय म्हणतो? यंत्राशी काम करताना ही बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणीशी वेडीवाकडी तोंडं करून गप्पा मारत होती. सभापती महोदय, पोरकट बडबडीपायी गमावलेल्या हातासाठी आपण साऱ्या देशाच्या झाकणांना कुलपं लावायची का?"

सगळी बाकं हेटीकडे वळली. आता ही उठणार, हे दारावरच्या शिपायालासुद्धा कळलं होतं.

आणि उत्तर काय सुंदर होतं! 'सभापती महोदय, त्या बाईच्या तोंडात त्या दिवशी एकही दात नव्हता आणि तोंडावर रुमाल बांधलेला होता.' एवढंच. सभागृह आधी गप्प झालं असतं, मग असं हसलं असतं की सर ऑब्रींना त्या अहवालाची सुरळी करून खिशात घालावी लागली असती. शनिवारी गावभर मथळा. अल्माचं नाव धुऊन स्वच्छ. हेटीच्या जिभेला ते वाक्य अक्षरशः भाजत होतं. तिने गुडघ्यांवर हात टेकले. प्यूची मूठ घट्ट झाली, पण जाकिटाची कड फाडून जायला तिला कितीसा वेळ लागला असता?

तिने वर पाहिलं.

अल्मा कठड्यावर वाकली होती. चेहरा पांढराफटक. सज्जात प्रेक्षकाला बोलायची बंदी, खोकलायचीही चोरी. पण तिचे ओठ हलले, मोठे, सावकाश, साचेखात्यात हलायचे तसे.

'सांग त्याला.'

हेटीने ओठांनीच म्हटलं, 'बोलले की विधेयक मेलं.'

'का?'

'मी बोलले की तो बोलेल. चारपर्यंत. घड्याळ बघ.'

अल्माने घड्याळाकडे मान वळवली. घड्याळात सहाच मिनिटं उरली होती. ती बघतच राहिली. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल ते तिलाच ठाऊक. हेटीला मात्र स्वतःचं कळत होतं: अल्मा पुन्हा 'सांग' म्हणाली, तर आपण उठणार. प्यू नाही, पक्ष नाही, कुणी थांबवू शकणार नाही. शब्द आधी तिला दिला होता.

इकडे सर ऑब्रींना हेटीचे हलणारे ओठ दिसले आणि त्यांना वाटलं, मासा गळाला लागला. त्यांचा चेहरा उजळला. "सन्माननीय सदस्या काही म्हणू इच्छितात असं दिसतं," ते अगदी मायेने म्हणाले. "मी आनंदाने त्यांना वाट देतो." आणि ते खाली बसले.

सज्जात काळ्या कोटातला दारवान अल्माच्या रांगेत शिरला होता. तो वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला. तोंडं वाकडी करू नका, बाई, नाहीतर बाहेर जावं लागेल, असंच काहीतरी. त्याने तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. अल्माने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती हेटीकडे बघत होती.

'बस,' तिचे ओठ म्हणाले. 'बसून राहा.'

हेटी बसून राहिली.

एक क्षण गेला, मग दुसरा. कुणीच उठलं नाही. हेटीने खाली मान घालून आपल्या हातांकडे पाहिलं. नखं तळव्यात रुतली होती. सभापतींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बोलायला उभा असा एकही सदस्य सभागृहात नव्हता. अर्धा तास धोबीण ऐकून कंटाळलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाने ही संधी बरोबर ओळखली. ते स्वतः उभे राहिले.

सभापती उभे राहिले की बाकी कुणी उभं राहायचं नसतं. सर ऑब्री अर्धे उठले, "सभापती महोदय, मी तर केवळ..." आणि दोन्ही बाजूंनी "बसा! बसा!" असा ओरडा झाला. शिष्टाचारात वाढलेला माणूस. गुडघे आपोआप वाकले.

"प्रश्न असा आहे, की विधेयकाचं दुसरं वाचन व्हावं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं."

"होय!" मजूर बाकांवरून असा गजर झाला की मागे डुलकी घेत असलेला एक जण दचकून जागा झाला आणि तोही 'होय' म्हणाला.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं."

सर ऑब्री एकटेच 'नाही' म्हणाले. मतमोजणी मागून उपयोग नाही हे ते जाणून होते. त्यांचं हत्यार घड्याळ होतं, आणि ते आता हातात राहिलं नव्हतं. त्याच क्षणी दार ढकलून मेजर ड्रेक आत आला, धापा टाकत, मिशीला जेवण लागलेलं.

"होकार पक्षाची सरशी," सभापती म्हणाले. अजून चार वाजले नव्हते.

बाहेरच्या वाटेवर प्यूने हेटीला जवळजवळ मिठीच मारली. "पोरी, चार वर्षांतलं तुझं सगळ्यात झकास भाषण!"

"गप रे," हेटी म्हणाली. "अजून एक शब्द बोललास तर थोबाडीत देईन."

मधल्या दालनात अल्मा त्याच बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर, नजर समोरच्या फरशीवर. हेटी तिच्या शेजारी टेकली.

"झालं पार," हेटी म्हणाली. "अजून समितीत जाईल, वरच्या सभागृहात जाईल. पण आजचा अडसर गेला."

"कळलं मला. शेजारच्या माणसाने सांगितलं." अल्मा थांबली. "तो जे बोलला, ते छापतात ना गं?"

"हो."

"शब्द न् शब्द?"

"शब्द न् शब्द."

"आणि त्याच्या खाली तुझं काहीच नसणार."

"नसणार."

अल्माने मान डोलावली. पिशवीचा बंद ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मग म्हणाली, "मीच तुला बस म्हटलं. माझंच तोंड, दुसऱ्या कुणाचं नाही. धुण्याच्या घरात कालच माझ्या शेजारच्या कॅथलीनची धाकटी त्या पिंपात डोकावत होती, ते मला आठवलं. म्हणून म्हटलं. पण खरं सांगू का हेटी? मी बस म्हटलं तरी तू उठशील, असं मला वाटलं होतं. तू कधी कुणाचं ऐकलंयस?"

"उठणार होते गं," हेटी म्हणाली. "तू आणखी एकदा सांग म्हणाली असतीस तर."

"ठाऊक आहे. म्हणूनच पुन्हा नाही म्हणाले." अल्माने नाक ओढलं. "काय बोलणार होतीस?"

"आता काय त्याचं?"

"मी एवढ्या लांबून आलेय, हेटी क्लेग. काय बोलणार होतीस?"

हेटी उठली. दालनात माणसं येत-जात होती. कुणी आपल्या खासदाराची वाट बघत होतं, कुणी गाडी चुकेल म्हणून घाईत होतं. तिने जाकीट खाली ओढलं, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ऑडलशॉच्या साचेखात्यातून निघालेला तो पूर्ण आवाज लावला.

"सभापती महोदय! श्रीमती अल्मा ऑग्डन त्या दिवशी बडबडत नव्हती! तिच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि तोंडावर रुमाल होता! बडबड करतात ती माणसं या सभागृहात बसतात, आणि त्यांचे सगळे दात शाबूत असतात!"

आवाज घुमटापर्यंत गेला. माणसं थबकली. कोपऱ्यातला पोलीस लगबगीने पुढे आला. "बाईसाहेब, इथे असं चालत नाही हो."

अल्मा हसत सुटली. आधी नुसती हुंदक्यासारखी, मग खळखळून, सरकारी दात वरपासून खालपर्यंत दाखवत. आणि हसताना, जन्मभराच्या सवयीने, ती उजव्या हाताने तोंड झाकायला गेली. टाचलेली बाही वर उचलली गेली, आणि छातीपाशीच थांबली.

दोघींनीही ते पाहिलं. अल्मा हळूहळू हसायची थांबली. हेटीने तिची पिशवी घेतली, तिचे डोळे पुसले, आणि दोघी गाडी गाठायला निघाल्या.